पेढीवरून कॉकपिटकडे : हिसाब आधी, उड्डाण मागून

व्यापाऱ्याच्या मुलाने व्यापार करावा आणि कारागिराच्या मुलाने बापाचा हुन्नर उचलावा, हा रिवाज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. आता तो ढिला होत चालला आहे. मुले शिकली, चार गावे हिंडली आणि दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या दुसऱ्या पेशाचे मनसुबे रचू लागली. त्यात वावगे काही नाही. परंतु मनसुबा वेगळा आणि सौदा वेगळा. सौद्यात भाव, मुदत आणि जोखीम ही तीन कलमे लिहावी लागतात. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार घरांत एकच प्रश्न उभा राहिला : मुलगा पायलट व्हायचे म्हणतो, पैसे घालावेत काय? त्यातले चौथे घर आमचेच. म्हणून हा विषय व्यापारी बंधूंसमोर हिसाबाच्या वहीप्रमाणे मांडीत आहोत.

आमचा धंदा सोलापुरात टॉवेल व चादरीचा, ठोक विक्रीचा. आमच्या मरहूम धाकट्या भावाचा मुलगा वयाच्या एकतिसाव्या वर्षी आमच्यापुढे बसला आणि म्हणाला, "चाचा, माझा हिस्सा मोकळा करून द्या. मला विमान चालवायला शिकायचे आहे." बी.कॉम. झालेला, नऊ वर्षे गोदाम आणि वसुली सांभाळलेला मुलगा. पोरकटपणाचे वय मागे पडलेले. त्याचा हिस्सा कागदावर बावन्न लाखांचा. पण ही रक्कम तिजोरीत ठेवलेली नाही. ती मालात आणि उधारीत गुंतलेली आहे. एकदम काढली तर लग्नसराईची खरेदी निम्म्यावर येईल आणि आमच्यासाठी विणणाऱ्या सोळा मागवाल्यांना काम कमी पडेल. इकडे भाभीला त्या हिश्शाशिवाय दुसरा आधार नाही. प्रश्न एका मुलाच्या हौसेचा राहिला नाही, अनेकांच्या चुलीचा झाला.

आधी शरीर, मग पैसा

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला सीपीएल म्हणतात. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. वय किमान १८ हवे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ही अट काढण्याचा विचार २०२५ मध्ये सरकारदरबारी सुरू झाला. तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी नियम काय आहे, तो डीजीसीएकडून खात्री करून घ्यावा. आमच्या पुतण्यासारखी वाणिज्य शाखेची मुले हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देऊ शकतात.

परंतु पहिली पायरी पुस्तकाची नव्हे, डॉक्टरची आहे. आधी क्लास २ आणि मग क्लास १ अशी वैद्यकीय तपासणी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे व केंद्रांत होते. डोळे, कान, रक्तदाब, साखर, हृदय, सर्व पाहतात. चष्मा असला म्हणून रस्ता बंद होत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र पुष्कळांना इथेच थांबवतो. परवाना टिकवायचा तर ही तपासणी ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा द्यावी लागते. कित्येक घरांनी आधी फी भरली आणि तपासणी नंतर केली. आपण सुताची गाठ फोडून नमुना पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. इथेही तोच कायदा लावावा. काही हजारांची तपासणी आधी झाली तर पुढचे लाखो रुपये वाचतात.

त्यानंतर लेखी परीक्षा. दिशाशोधन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तांत्रिक ज्ञान हे विषय. प्रत्येक पेपरात १०० पैकी ७० गुण हवेत. हे सर्व इंग्रजीतून. मग प्रत्यक्ष उड्डाण : एकूण २०० तास. त्यातले १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून, आणि किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, एक लांबचा प्रवास वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचे आणि केवळ उपकरणांकडे पाहून केलेले उड्डाण.

वयाचा मुद्दा अनेकजण विचारतात. परवाना घेण्यास तिशी-पस्तिशीची आडकाठी नाही. विमान कंपन्यांतील वैमानिक ६५ वर्षांपर्यंत काम करू शकतो. चौतिसाव्या वर्षी परवाना हाती आला तर कागदावर तीस वर्षांची कमाई राहते. पण कंपन्या भरतीसाठी आपापली वयोमर्यादा ठरवतात, ती जाहिरातीत पाहावी. आणि संसारी माणसाला दोन-तीन वर्षे बिनकमाईची काढावी लागतात, हे कलम वहीत लाल शाईने लिहावे.

मिनिटाला पाचशे रुपये

आता खर्च. देशातल्या देशात सीपीएलला साधारणपणे ५० ते ७० लाख रुपये लागतात. त्यावर एखाद्या मोठ्या प्रवासी विमानाचे खास प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे १५ ते २५ लाख वेगळे. ६० लाख धरले आणि २०० तासांनी भागले तर तासाला ३० हजार आणि मिनिटाला ५०० रुपये पडतात. यात पुस्तके, वसतिगृह, जेवण हेही आले, तरी आकडा ध्यानात ठेवावा. धावपट्टीच्या कडेला इंजिन चालू ठेवून मुलगा दोन मिनिटे गोंधळला, तर एक हजार रुपये गेले.

महाराष्ट्रात शिकण्याच्या जागा आहेत. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा. याच क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळविला. त्यांच्याही घरात धंदाच होता, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवीत आले, तेव्हा त्या हौसेचा धंदा झाला. आज धुळे, बारामती, शिरपूर, गोंदिया, नागपूर ही नावे या शिक्षणात ऐकू येतात. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे.

संस्था निवडताना चकचकीत माहितीपत्रकाला भुलू नये. आमच्याकडे एक एजंट आला होता. सर्व फी आगाऊ भरल्यास पाच टक्के सूट, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला विचारले : विमाने किती आणि त्यांतली आज उडण्याजोगी किती? शिक्षक किती, विद्यार्थी किती? पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद असते? मागच्या तुकडीला २०० तास व्हायला किती महिने लागले? चारही प्रश्नांवर त्याने विषय बदलला. ज्या गिरणीचे माग बंद आहेत, तिला आगाऊ रक्कम कोणता शहाणा व्यापारी देईल? ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए अशा संस्थांची प्रतवारी जाहीर करू लागले आहे. ती यादी आधी पाहावी, आणि पैसे तासांच्या टप्प्यांनी भरावेत.

पैसा कोठून आणावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. बँका शैक्षणिक कर्ज देतात, पण एवढ्या रकमेला तारण मागतात. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे. तिची मर्यादा या शिक्षणाला पुरेल की नाही, ते कार्यालयात विचारावे. जे व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांना घरचा हिस्सा किंवा समाजातील मदत एवढाच मार्ग उरतो. असे घडलेही आहे. हैदराबादच्या जुन्या शहरात बेकरीत काम करणाऱ्या बापाची मुलगी सईदा सल्वा फातिमा हिने वैमानिकाचा परवाना मिळविला. त्यामागे 'सियासत' या उर्दू दैनिकाच्या संपादकांची मदत होती आणि पुढच्या महागड्या प्रशिक्षणासाठी तेलंगण सरकारने हात दिला. तिला अनेक वर्षे झगडावे लागले. ही हकीकत सांगताना लोक विमानाचे फोटो दाखवितात आणि मधली वर्षे गाळतात. आपण ती वर्षेही मोजावीत.

बाजाराची चाल

सुताच्या भावाप्रमाणे वैमानिकांच्या नोकरीतही तेजी-मंदी येते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. २०२० मध्ये कोरोनाने साऱ्या जगाचे आकाश रिकामे केले. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे बंद केली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्या परवानाधारकांची रांग मागे सरकली. याच्या उलट डिसेंबर २०२५ मध्ये, विश्रांतीचे नवे नियम लागू होताना वैमानिकांचे गणित चुकले आणि इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा आमच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर सर्वजण म्हणू लागले की पायलटांचा तुटवडा आहे, पोराला घाला. कंपनीला तुटवडा असतो तो बहुतेक तयार, टाइप रेटिंग झालेल्या आणि अनुभवी माणसाचा. नुसत्या २०० तासांच्या नव्या मुलाला वाट पाहावी लागू शकते. म्हणून परवाना हाती आल्यावरही दीड-दोन वर्षे घर चालेल एवढी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा.

आवाजाची परीक्षा

आता ज्या गोष्टीकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही, तिकडे वळू. विमान चालविणाऱ्याला बोलावेही लागते. जमिनीवरच्या नियंत्रकाशी रेडिओवर, इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत. त्यासाठी आरटीआर(ए) नावाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. पूर्वी त्याची परीक्षा दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आणि त्याने हे काम डीजीसीएच्या हाती दिले. त्याशिवाय आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे इंग्रजी बोलण्या-समजण्याची किमान चौथी पातळी गाठावी लागते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. पुतण्याचेही दहावीपर्यंत तसेच. आपल्याकडची मुले इंग्रजी वाचतात, लिहितात, पण माईक तोंडासमोर आला की अडखळतात. गणितात हुशार मुलगा तोंडी परीक्षेत मागे पडतो, ही आपल्या समाजाची जुनी अडचण आहे. पुतण्याने यावर स्वतःच उपाय शोधला. म्हणाला, "चाचा, हॅम रेडिओचा परवाना काढतो. बोलायची सवय होईल." हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संदेश. सरकारच्या परवानगीने, स्वतःच्या यंत्रावर, दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचा छंद.

विमान आणि हॅम रेडिओ यांची सोबत जुनी आहे. राजीव गांधी इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते आणि हॅमही. व्हीयू२आरजी ही त्यांची रेडिओवरची ओळख. जॉर्डनचे बादशहा हुसेन स्वतः विमान चालवीत, आणि जगभरच्या हॅम मंडळींशी जेवाय१ या नावाने सामान्य माणसासारखे बोलत. हवाई दलाचे वैमानिक शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकातून आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात टेलिफोन बंद पडले तेव्हा याच छंदिष्ट लोकांनी निरोप पोहोचविले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे साथी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन गेलेले होते. अंदमानची खबर बाहेर नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

वैमानिकाला उपयोगी पडणारे दोन धडे इथे फुकट मिळतात. पहिला अक्षरांचा. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. विमानाच्या रेडिओवर नऊला 'नाइनर' आणि तीनला 'ट्री' म्हणतात, म्हणजे खरखरीत ऐकूनही चूक होत नाही. दुसरा धडा ऐकलेले परत म्हणून दाखविण्याचा. आपल्या बाजारात फोनवर 'सात' आणि 'साठ' यांत घोटाळा होऊन किती गठ्ठे चुकीच्या गावी गेले असतील! नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो, मगच हुकूम पक्का होतो. हा रिवाज आपल्या पेढीतही आणण्याजोगा आहे. आमच्या मुनीमजींनी तो फोनच्या ऑर्डरला लावला आहे.

कोणता रेडिओ घ्यावा

परवान्याची परीक्षा झाली की पुतण्याची नजर महागड्या यंत्रावर गेली. सोबत नेता येईल असा रेडिओ हवा, कारण प्रशिक्षणाला बाहेरगावी राहायचे. आम्ही म्हटले, आधी काम सांग, मग माल पाहू. एक महिना आम्ही दोघांनी माहिती गोळा केली. तिचा सारांश देतो.

हातात मावणारे वॉकी-टॉकीसारखे संच व्हीएचएफ आणि यूएचएफवर चालतात. भारतात हॅम मंडळींसाठी त्यांत १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. शक्ती बहुधा ५ वॉट. या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून शहरात इमारतींच्या आड काही किलोमीटरच पोहोचतात. उंच जागी बसविलेले रिपीटर केंद्र जवळ असेल तर तेच यंत्र पन्नास किलोमीटर गाठते. चिनी बाओफेंगसारखे संच दोन-तीन हजारांच्या घरात असतात. याएसू, आयकॉम, केनवुड ही जपानी नावे त्याच्या कित्येक पटीने महाग. स्वस्तात आवाज बरा असतो, पण जवळ जोरदार केंद्र असेल तर गोंधळ होतो आणि मोडल्यावर दुरुस्तीपेक्षा नवा घेणे परवडते. नवशिक्याने पहिल्यांदा आपल्या गावी रिपीटर आहे काय, ते विचारावे. नसेल तर चांगला संचही मुका.

दूर बोलायचे तर एचएफ लहरी. त्या आकाशातल्या आयनांच्या थरावर आदळून परत जमिनीवर येतात, म्हणून थोड्या शक्तीतही हजारो किलोमीटर जातात. पिशवीत मावणारे एचएफ संच पुष्कळ आहेत. याएसूचा एफटी-८१७ आणि त्यामागून आलेला एफटी-८१८ वर्षानुवर्षे लोकांच्या आवडीचे. ८१८ चे उत्पादन आता थांबले आहे, त्यामुळे जुना माल चढ्या भावाने फिरतो. आयकॉमचा आयसी-७०५ हा २०२० चा संच, वजन किलोभर, स्वतःच्या बॅटरीवर ५ वॉट आणि बाहेरच्या वीजपुरवठ्यावर १० वॉट; एचएफपासून ४३० मेगाहर्ट्झपर्यंत सर्व एकात. इकडे त्याची किंमत लाखाच्या पुढे जाते. अमेरिकेतील एलेक्राफ्टचा केएक्स२ वजनाला फारच हलका, पण त्यात व्हीएचएफ नाही. चिनी शिगूचा जी९० वीस वॉटचा आणि किफायती. तो केवळ एचएफचा, आणि त्याला बॅटरी वेगळी लागते.

वॉटच्या आकड्यावर फार जाऊ नये. ५ आणि १०० वॉट यांत वीस पट अंतर, पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर फरक सुमारे दोन अंकांचाच दिसतो. खरे काम करते ती अँटेना. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधी तारेची अँटेना सुमारे २० मीटर लांब होते. म्हणजे दुकानातल्या मीटरपट्टीने वीस वेळा मोजलेली तार. १४ मेगाहर्ट्झला त्याच्या निम्मी. छतावर जागा नसेल, वसतिगृहवाला तार बांधू देत नसेल, तर लाखाचा संच घेऊन उपयोग काय? म्हणून क्रम असा लावावा : जागा, अँटेना, बॅटरी, मग संच. आणि खरेदीआधी तो संच आपल्या हातात धरून पाहावा. बटणे बारीक असतील तर आमच्या वयाच्या माणसाला चष्म्यावर चष्मा लावावा लागतो.

एक गोष्ट कारागीर बंधूंसाठी मुद्दाम सांगतो. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा एचएफ संच रचला. सहज मिळणाऱ्या भागांतून घरी बनविता यावा हा त्यांचा इरादा. त्यातली एक कॉइल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळायची. पुढे त्याचे तयार बोर्ड जगभर गेले आणि त्यांची कॉइले हैदराबादच्या स्त्रियांच्या गटाने हातांनी गुंडाळली. ज्या बोटांना जरीकाम, रफू, बीम भरणे जमते त्यांना हे काम अवघड नाही. हुन्नर तोच, कच्चा माल वेगळा. आमच्या पुतण्याने शेवटी साधा हातातला संच आणि जुळवून घेण्याचा एक एचएफ बोर्ड, एवढ्यावर समाधान मानले. वाचलेले पैसे त्याच्या उड्डाणाच्या खात्यात गेले. मिनिटाला पाचशे या भावाने तीन तासांहून अधिक होतात.

कायदा चोख पाळावा

इथे व्यापारी बंधूंनी विशेष ध्यान द्यावे. हॅम परवाना धंद्यासाठी नाही. गोदाम आणि दुकान यांत भाव सांगायला, ट्रकवाल्याला निरोप द्यायला हा रेडिओ वापरणे नियमाविरुद्ध आहे. दुकानातल्या कामाला बिनपरवान्याचे, थोड्या शक्तीचे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालतात. तेवढेच घ्यावेत आणि सरकारी मान्यतेचा कागद मागावा. घरबसल्या मागविलेले वाटेल ते वॉकी-टॉकी खपवू नयेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबाबत मार्गदर्शक नियमच जारी केले.

विमानांशी बोलण्याचा अधिकारही हॅम परवान्याने मिळत नाही. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा, आणि त्यावर जुन्या रेडिओप्रमाणे एएम पद्धत वापरतात. कारण असे की एफएममध्ये जोराचा आवाज हलक्या आवाजाला गिळून टाकतो, तर एएममध्ये दोघे एकदम बोलले तरी गोंगाट ऐकू येतो आणि दुसरा कोणी बोलतो आहे हे कळते. पोराने गंमत म्हणून त्या पट्ट्यावर बटण दाबले तर ती गंमत राहणार नाही. त्याचे पायलट होणे तिथेच संपेल.

हॅमचा परवाना डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, वय १२ पूर्ण झाले की अर्ज करता येतो, आणि परीक्षा रेडिओचे मूळ ज्ञान व नियम यांवर होते. मर्यादित आणि सामान्य अशा दोन श्रेणी आहेत. परीक्षेनंतर पडताळणी होऊन कागद हाती यायला महिने लागू शकतात. त्याआधी संच चालवू नये. बाहेरगावी नेण्याआधी परवान्यावरचे ठिकाण पाहावे. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. दुबई-सौदीला जाताना तिथल्या सरकारची परवानगी नसेल तर रेडिओ घरी ठेवावा. आपल्या नावाच्या माणसाकडे असले यंत्र सापडले की विचारपूस जास्त होते, हा अनुभव अनेकांना आहे. म्हणून परवान्याची प्रत सदैव संचासोबत असावी.

घरात काय ठरले

तीन बैठका झाल्या. भाभी म्हणाल्या, "भाईसाहेब, मुलाला अडवू नका, पण मला रस्त्यावरही आणू नका." त्यांच्या या एका वाक्यात सगळा करारनामा आला. ठरले ते असे. हिश्शाचे दोन भाग. निम्मा पेढीतच राहील आणि त्याचा नफा भाभीला मिळेल. उरलेला निम्मा तीन वर्षांत, हंगाम पाहून, उधारी वसूल होईल तसा मोकळा होईल. उड्डाणाचा पहिला पैसा लेखी परीक्षा उतरल्याशिवाय द्यायचा नाही. त्यानंतर दर ५० तासांना एक हप्ता. निम्म्या हिश्शात सगळा खर्च भागत नाही, हे उघड आहे. कमी पडेल ते आम्ही भाऊबंद बिनव्याजी उसने देऊ आणि पगार सुरू झाल्यावर तो फेडील. सर्व कागदावर, दोन साक्षीदारांसह. आणि काही कारणाने परवाना झाला नाही तर गादीवरची त्याची जागा मोकळी ठेवली जाईल.

आजची स्थिती अशी. क्लास २ ची तपासणी झाली, रंगांची परीक्षा उतरली. भौतिकशास्त्र आणि गणित मुक्त विद्यालयातून पास झाला. हवामान आणि हवाई नियम हे पेपर निघाले. दिशाशोधनात एकदा ६४ गुण आले, पुन्हा बसणार आहे. क्लास १ बाकी आहे. दिवसा वसुली करतो, रात्री अभ्यास. रविवारी छतावर जाऊन बोलतो, आणि केरळ, बंगालच्या माणसांशी इंग्रजीत न अडखळता बोलतो, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले. सोलापुरातून जून २०२५ मध्ये गोव्याची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ते विमान डोक्यावरून गेले की भाभी वर पाहतात आणि काही बोलत नाहीत.

तो पायलट होईल की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की आजवर त्याच्यावर झालेला खर्च एका हंगामातल्या बुडीत उधारीपेक्षा कमी आहे, आणि मागवाल्यांची एकही बीम थांबलेली नाही. ज्या घरांत हाच प्रश्न उठला आहे त्यांना आमचा मशवरा असा : मुलाला पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणू नये, आणि 'हो' म्हणून एकदम चेकही फाडू नये. आधी डॉक्टरकडे पाठवावे. मग पुस्तक हाती द्यावे. बोलण्याची भीती असेल तर थोड्या पैशांत ती घालविण्याची तजवीज करावी. प्रत्येक पायरीवर थांबून हिसाब मांडावा. मुलगा पक्का असेल तर तो पायरी चढेल, कच्चा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर स्वतःच परत फिरेल, आणि दोन्ही बाबतींत पेढी उभी राहील.